कोण म्हणतं?

अमरावतीच्या कॉलेजात तेव्हा ‘साहित्य आणि समाज मंडळ’ नावाचं एक प्रकरण होतं. दर शनिवारी दुपारी पंचवीस-तीस पोरं आणि दोन पोरी एका लांबट वर्गात जमायची आणि जगाचा अभ्यास करायची. एका शनिवारी कविता, एका शनिवारी लोकरूढी, एका शनिवारी विधवांचा प्रश्न. विधवांचा प्रश्न एका दुपारी आटपायचा, बरं का! मग चहा, आणि पुढच्या आठवड्याला नाटक.

मंडळ चालवायचे प्रोफेसर सोमण. ते पुण्याहून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा एक हट्ट होता. मंडळात कोणीही हवेत बोलायचं नाही. वाक्य टाकलं की ते कोणाचं ते सांगायचं. शास्त्राचं असेल तर कुठल्या शास्त्राचं, पुस्तकातलं असेल तर कुठल्या पुस्तकातलं, आजीचं असेल तर आजीचं. न सांगता पुढे गेलात की समोर बसलेल्या कोणीही विचारावं, ‘कोण म्हणतं?’ आधी सोमण एकटेच विचारायचे. मग पोरांना चटक लागली. दर्यापूर-मूर्तिजापूरकडची पोरं मागच्या बाकांवरून ‘कोन म्हन्ते?’ म्हणून गर्जायची तेव्हा सोमणांच्या कपाळावर आठी चढायची. पण नियम त्यांचाच. बोलतात कोणाला?

त्या दोन पोरींपैकी एक अनुपमा पांढरीपांडे. एकोणिसावं लागलेलं, आवाज खणखणीत, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तिने हा ‘कोण म्हणतं’ घरी नेला आणि धाकट्या बहिणीला शिकवला. रमा अकरा वर्षांची. तिच्या हाती असलं कोलीत मिळाल्यावर काय विचारता! आई म्हणाली, आज वरणात मीठ कमी पडलं, की ही पाटावरून, “कोण म्हणतं?” शेजारीण म्हणाली, तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत, की हिचं आपलं, “कोण म्हणतं?” आई कौशल्याबाई डोक्यात टपली मारायच्या आणि तोंड फिरवून हसायच्या.

वडील तर खुलेआम हसायचे. गोपाळकृष्ण पांढरीपांडे, वकील. गावात सुधारक म्हणून त्यांचं नाव होतं. मुलीला कॉलेजात घातलं म्हणून त्यांचे सत्कार झाले होते, हारतुरे मिळाले होते, आणि प्रत्येक सत्काराला अनुपमाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. लोक मान वळवून बघायचे. जत्रेतलं पाच पायांचं वासरू बघतात तसे!

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सारडा कायदा आला. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावाल तर शिक्षा, एप्रिलच्या एक तारखेपासून. झालं! लोकांनी कायदा वाचला आणि एप्रिलच्या आधी मार्च असतो हे त्यांना कळलं. त्या वर्षी माघ-फाल्गुनात वऱ्हाडात जी लग्नं लागली ती बघून कोणाही शहाण्या माणसाचं डोकं फिरावं. भटजी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात धावायचे. वाजंत्रीवाले मिळेनात. आठ वर्षांच्या, सात वर्षांच्या पोरी कडेवर घेऊन बोहल्यावर आणल्या. कायदा ज्यांना वाचवायला केला, त्यांनाच लोकांनी घाईघाईने त्याच्या हातून काढून घेतलं. आणि हे करणारे सगळे शहाणेसुरते, देवाधर्माचे, पेपर वाचणारे लोक!

मंडळाने अर्थातच हा विषय अभ्यासाला घेतला. ‘सारडा कायदा हिंदू समाजास हितकर आहे.’ मोठा वादविवाद, गावातले पाहुणे, जिंकणाऱ्याला चांदीचा पेला, आणि अध्यक्षस्थानी कोण, तर सुप्रसिद्ध सुधारक गोपाळकृष्ण पांढरीपांडे. वक्त्यांच्या बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. सोमणांनी टोपी पुढे केली. रविकांत हरकरेने चिठ्ठी उघडली, ‘बाजूने’. हा अकोल्याच्या वकिलाचा मुलगा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मंडळातला पहिल्या नंबरचा बोलका. मग अनुपमाने उघडली. ‘विरुद्ध’.

“सर, ही बाजू मी बोलणार नाही.”

“कोण म्हणतं?” मागच्या बाकांनी लगेच साधून घेतलं.

“मी म्हणते! लहान पोरींना उजवून टाका असं मी उभं राहून सांगू? दुसरी चिठ्ठी द्या.”

सोमण शांतपणे म्हणाले, “वादविवाद हा बुद्धीचा व्यायाम आहे, अनुपमाबाई. आपली मतं घरी ठेवून यायची. कोणतीही बाजू समर्थपणे मांडता आली पाहिजे. नाही जमत, तर मुलींना वादविवाद झेपत नाही असं लोक म्हणतील. तुमच्या मागून येणाऱ्या मुलींचं नुकसान होईल.”

घ्या! म्हणजे बोलली तरी पोरींचं नुकसान, नाही बोलली तरी पोरींचंच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चिठ्ठी मुठीत दाबून ती घरी आली.

वडिलांना मात्र कोण आनंद! “अरे वा! वकिलाची मुलगी आहेस. वाईट अशिलाचा खटला जो जिंकतो तोच खरा वकील. बस, मी मुद्दे सांगतो.”

आणि रोज संध्याकाळी कोर्टातून आले की झोपाळ्यावर बसून ते मुद्दे सांगू लागले. मुलगी लहान असताना दिली की सासरच्या वळणात वाढते. मोठी झाली की तिला मतं फुटतात आणि मतं फुटलेली सून कोणालाच नको असते. चांगलं स्थळ काही मुलीच्या वाढीसाठी थांबून राहत नाही. कायदा सरकारचा, मुलगी आपली. आणि वऱ्हाड तर निजामाकडून भाड्याने घेतलेला मुलूख, इथे तो कायदा लागतो की नाही यावरही वकिलांत दोन मतं आहेत. पण ज्याला धोका नको त्याने मुदतीच्या आत उरकून घ्यावं, यात गैर ते काय?

अनुपमा ऐकत राहिली. पहिल्या दिवशी तिला वाटलं, बाबा काय सुरेख सोंग वठवतात! दुसऱ्या दिवशी सोंग जरा जास्तच रंगलं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की बोलताना बाबा तिच्याकडे बघतच नाहीत. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात. तिथे आई उभी असते आणि मान हलवते.

चौथ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई आली. हिचा मळा गावाबाहेर होता. भाजी आणि फुलं घेऊन ती वर्षानुवर्षं या दारात येत होती. टोपली उतरवून तिने पदराने तोंड पुसलं.

“बाई, मायले सांगा, फुलायचं आत्ताच नक्की करा म्हना. गावात सारेच घाई करून राहिले. झेंडू उरला नाही, शेवंती उरली नाही. तुमच्या घरचं म्हून मी राखून ठेवून राहिली.”

“आमच्या घरी कशाला फुलं?”

“आता काहून मजाक करता? वकीलसायबानंच त सांगतलं. मुंडावळ्या, हार, सारं. फाल्गुनातलं लगन हाये म्हने.” मग तिने अनुपमाकडे नीट पाहिलं. “मले वाटलं तुमचंच हाये. मंग धाकलीचं व्हय का?”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते हे अनुपमाला त्या सकाळी दारात उभ्या उभ्या कळलं.

तिने विचारलं तेव्हा आईने आधी कानांवर हात ठेवले, मग डोळ्यांना पदर लावला, मग सगळं सांगितलं. स्थळ अकोल्याचं, हरकरे वकिलांचा रविकांत. तू कॉलेजात होतीस तेव्हा मंडळी बघून गेली. मुलगा बघायला स्वतः आला होता, रमाने त्याला पाढे म्हणून दाखवले. रविवारी साखरपुडा. लग्न अकोल्यालाच, म्हणजे इथे गवगवा नको. फुलं तेवढी इथून न्यायची.

“कोणता रविकांत? आमच्या मंडळातला?”

“तोच. चांगला सुधारलेल्या विचारांचा आहे म्हणे.”

“आई, रमा अकरा वर्षांची आहे!”

“मला दहावं होतं,” कौशल्याबाई म्हणाल्या, आणि भाजी निवडायला घेतली.

त्या दिवशी कॉलेजात अनुपमाने सगळ्यांदेखत रविकांतला निंबाखाली थांबवलं. मुलीने मुलाशी बोलणं म्हणजे तेव्हा केवढा गहजब! पोरं माना उंचावून बघायला लागली. बघेनात का.

“शनिवारी तुम्ही कायद्याच्या बाजूने बोलणार आणि रविवारी माझ्या बहिणीशी साखरपुडा करणार?”

रविकांत लाल झाला. पण सावरला लगेच. “हे पाहा, लग्न वडील ठरवतात. त्यात मुलाने बोलायचं नसतं. वाद वेगळा, संसार वेगळा. आणि मी तिला शिकवीन ना पुढे.”

“तिला वर्गात आत्ता कोणी शिकवत नाही का?”

त्याने घड्याळ काढून पाहिलं आणि तासाला उशीर होतो म्हणून निघून गेला. हे असे लोक! यांना तोंडात मारायला नको वाटतं, कारण तोंड भलतंच देखणं असतं आणि त्यातून वाक्यंही देखणी येतात.

संध्याकाळी ती झोपाळ्यासमोर उभी राहिली. “बाबा, रमाचं लग्न करू नका. ती पाचवीत आहे. गणितात तिच्या पुढे कोणी नाही. तुम्हीच सांगता सगळ्यांना.”

गोपाळकृष्णांनी झोपाळा पायाने थांबवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“तुझ्याकडे बघ. स्थळं येतात, बी.ए. ऐकलं की परत जातात. एका मुलीवर प्रयोग केला, पुरे झाला. तीन दिवस मी तुला मुद्दे सांगून राहिलो. एकाला तरी तुला उत्तर देता आलं?”

“मी ते पाठ करत होते, बाबा. तुम्हीच पाठ करायला सांगितले!”

“मग नीट पाठ कर,” ते म्हणाले आणि झोपाळा पुन्हा हलवला.

रमा आत पाटीवर त्रैराशिक सोडवत होती. तिला लग्नाचं ठाऊक होतं, पण तिची समजूत अशी होती की लग्न झालं तरी सोमवारी शाळा आहेच. गणिताच्या बाईंनी सोमवारी तिला फळ्यावर बोलावणार म्हणून सांगितलं होतं. अनुपमाने तिची समजूत मोडली नाही. तिला ते जमलं नाही.

शनिवारी वर्ग खचाखच भरला. पुढच्या खुर्चीत जरीकाठी उपरणं घेऊन अकोल्याचे हरकरे वकील बसले होते. मुलाचं भाषण ऐकायचं, दुसऱ्या दिवशी साखरपुडा उरकायचा, एका खेपेत दोन कामं. टेबलामागे अध्यक्ष, पुढ्यात पितळी घंटी. बाजूला सोमण.

रविकांत आधी बोलला. काय बोलला हो! भातुकली खेळणाऱ्या हातांत संसाराची राख, असं काहीतरी म्हणाला आणि दोन पाहुण्यांनी डोळे पुसले. संस्कृत आधार दिले, डॉक्टरांचे आधार दिले. ‘कोण म्हणतं’ विचारायला त्याने कोणाला जागाच ठेवली नाही. टाळ्या थांबेनात. हरकरे वकील मागे वळून लोकांकडे बघत होते.

मग अनुपमा उठली. तिच्या मनात काय होतं, तर चार वाक्यं कशीबशी म्हणायची आणि खाली बसायचं. हरायचं. दुसरं तिच्या हातात काही उरलेलं नव्हतं.

“अध्यक्षमहाराज. मुलगी लहान असताना दिली की सासरच्या वळणात वाढते.”

“कोन म्हन्ते?” मागच्या बाकांवरून आवाज आला.

ती पुढे गेली. “मोठी झाली की तिला मतं फुटतात, आणि मतं फुटलेली सून कोणालाच नको असते.”

“कोण म्हणतं? कोण म्हणतं?” आता निम्मा वर्ग. पोरीची फिरकी घ्यायची संधी कोण सोडतो? कोणी बाक वाजवला, कोणी शीळ घातली. ती तोंड उघडायची की आरडाओरडा. तिने टेबलाकडे पाहिलं. बाबा घंटी वाजवतील, पोरांना गप्प करतील, एवढंच तिला हवं होतं.

गोपाळकृष्णांनी घंटी वाजवली. चेहऱ्यावर तेच सत्कारातलं हसू होतं.

“शांत व्हा. पण मंडळाचा नियम सर्वांना सारखा. मुलगी म्हणून सवलत नाही. वक्त्यांनी सांगावं, कोण म्हणतं?”

सवलत नाही! अनुपमाने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा त्या जरीच्या काठाकडे, आणि तिची भीती गेली ती गेलीच.

“सांगते. अध्यक्ष म्हणतात.”

हशा पिकला. “कोण?” सोमणांनी पुढे वाकून विचारलं.

“अध्यक्ष. गोपाळकृष्ण पांढरीपांडे, वकील. परवा संध्याकाळी आमच्या घरी झोपाळ्यावर बसून म्हणाले. नियमाप्रमाणे नाव सांगितलं, सर. आता पुढचा मुद्दा. मुदतीच्या आत उरकून घेतलं तर त्यात गैर ते काय? अध्यक्ष म्हणतात. त्याच्या पुढचा. एका मुलीवर प्रयोग केला, पुरे झाला. अध्यक्ष म्हणतात. तो प्रयोग मी. बघून घ्या, तुम्ही दर सत्काराला बघताच.”

हसू कुठल्या कुठे पळालं. घंटी जोरात वाजली. “हे मुद्दे मी वादाच्या तयारीसाठी—”

“वादासाठी फुलंही सांगितली का, बाबा?”

घंटी पुन्हा वाजली, पण या वेळी सोमणांनी तिच्यावर हात ठेवला. “त्यांची वेळ संपलेली नाही, पांढरीपांडे. आणि नियमाबाहेर त्या काही बोललेल्या नाहीत.”

“शेवटचा मुद्दा,” अनुपमा म्हणाली. “लग्न वडील ठरवतात, मुलाने बोलायचं नसतं. वाद वेगळा, संसार वेगळा. हे आत्ता टाळ्या घेऊन खाली बसले ते रविकांत हरकरे म्हणतात, निंबाखाली उभं राहून. उद्या त्यांचा साखरपुडा आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे. भातुकली खेळत नाही ती, त्रैराशिक सोडवते. ती माझी बहीण. माझ्या बाजूला आज आणखी काय पाहिजे? माझी बाजू तर जिंकलेलीच आहे! अमरावतीत जिंकली, अकोल्यात जिंकली, रोज मांडवामांडवातून जिंकते. तुम्ही सगळे इथे बसून नुसता अभ्यास करा.”

ती बसली. कोणी टाळी वाजवली नाही. सगळे अध्यक्षांकडे बघत होते, आणि त्या बघण्यात सत्काराचं काही नव्हतं. गोपाळकृष्ण उठले. चेहरा पांढराफटक. वकिलीत मुरलेला माणूस, सुटायची वाट शोधली त्यांनी.

“माझ्या मुलीने भावनेच्या भरात विपर्यास केला आहे. असा काही साखरपुडा नाही. माझी धाकटी मुलगी सोळा वर्षांची होईपर्यंत तिचं लग्न होणार नाही.”

आणि मग मागच्या बाकावरून, हळूच, थट्टेचा लवलेश नसलेला एक आवाज आला.

“कोन म्हन्ते?”

दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने उचललं, आणि सगळा वर्ग उभा राहून विचारायला लागला. पाहुणेसुद्धा. घंटी सोमणांच्या हाताखाली होती.

“मी म्हणतो!” गोपाळकृष्ण ओरडले. “मी म्हणतो, गोपाळकृष्ण पांढरीपांडे! झालं समाधान?”

हरकरे वकील उठले, उपरणं झटकलं आणि कोणाकडे न बघता बाहेर पडले. रविकांत त्यांच्यामागे गेला नाही, कारण निकाल लागायचा होता. हात वर करून मतं घेतली, कायद्याची बाजू जिंकली, चांदीचा पेला त्याने घेतला. घेताना मानही लवली त्याची! पाडव्याच्या आत अकोल्याला त्याचं लग्न लागलं. मुलगी दहाची होती. तिच्या घरी शनिवारी कोणी मंडळात जात नव्हतं. पेला वरपक्षाने मांडवात मांडून ठेवला होता म्हणतात.

बापलेक एकाच टांग्यातून, दोन बाजूंना तोंडं करून घरी आले. आईला काय ते चेहऱ्यांवरून कळलं. गोपाळकृष्णांनी टोपी खुंटीला लावली, ती पडली, तशीच राहू दिली.

“उद्यापासून हिचं कॉलेज बंद,” ते म्हणाले. “आजवर लाड केले त्याचं हे फळ. पोरीच्या जातीला शिकवलं की हेच होतं. सारं गाव म्हणतं, मी ऐकलं नाही. आता पुरे.”

आईने मान खाली घातली. अनुपमा हातातल्या पुस्तकांसकट भिंतीला टेकली. दिवसभराची सगळी उत्तरं मंडळातच देऊन आली होती ती.

रमा दारात उभी होती, हातात पाटी. तिने ताईकडे पाहिलं, खाली पडलेल्या टोपीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“कोण म्हणतं?” ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. आईने टपली मारायला हात उचललाही नाही. गोपाळकृष्णांनी तोंड उघडलं, पण पुढचे दोन शब्द, ‘मी म्हणतो’, त्या दुपारी एकदा वापरून झाले होते. मग वाकून टोपी उचलली आणि आत निघून गेले. अनुपमाने पुस्तकं नेहमीच्या जागी, दाराशेजारच्या फळीवर नीट रचून ठेवली. रविवार गेला की सोमवार होता.